दादाची सुताची गाठ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही... बायकोलासुद्धा नाही. भूत-बीत मी कधी मानलं नाही. जे घडलं ते भर दुपारी, वाहत्या रस्त्यावर घडलं. पण ते सांगायचं तर आधी माझी लबाडी सांगावी लागेल.

शहाऐंशीच्या आसपासची गोष्ट. आम्ही घाटकोपरला, भटवाडीत राहायचो. दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. तो गिरणीत साचेखात्यात, मागांवर होता. गिरणी बंद पडल्यावर त्याने आणि वडिलांनी मिळून एक जुनी पिकअप घेतली. मंडपवाल्यांच्या कनाती, खुर्च्या अंधेरीपासून मुलुंडपर्यंत पोचवायच्या. दादा चालवायचा, मी सोबतीला.

गाडी म्हणजे रोजचं दुखणं. हॉर्न दाबला की वायपर हलायचा, खड्डा आला की मागचा दिवा विझायचा. दुरुस्ती सगळी दादाच करायचा. तार जोडली की तिच्यावर सूत घट्ट गुंडाळून गाठ मारायचा — साच्यावर तुटलेला धागा जोडतात ती, बारीक, चपटी — आणि उरलेलं टोक दाताने तोडायचा.

"गाडी आहे की गोधडी?" मी चिडवायचो.

"टेप उन्हात सुटतो रे. हे नाही सुटत. तू हस."

एकदा मागच्या दिव्याचा फ्यूज सारखा उडायला लागला. दादा म्हणाला, "तार पत्र्याला घासतेय कुठेतरी. उद्या शोधू. तोवर हात लावू नको." सकाळी निघायचं होतं आणि मला घाई. दादा चहा घेत होता तेवढ्यात मी फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून बसवली. दिवा लागला. दादाला म्हटलं, "बघ, आपोआप लागला!"

साकीनाक्याजवळ मागून धूर आला. उडायला फ्यूजच नव्हता... तार तापत गेली आणि कनातींनी पेट घेतला. आम्ही उड्या मारल्या म्हणून वाचलो. माल सगळा गेला.

संध्याकाळी चाळीत सगळ्यांसमोर वडील दादावर कडाडले, "गिरणीत सूत जोडलंस म्हणान वायरी जोडूक येतत? आजपासून गाडीक हात लावायचो नाय!"

दादाने त्याआधीच फ्यूजचा डबा उघडून पाहिला होता. ती तांब्याची तार त्याने पाहिली होती. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि वडिलांना म्हणाला, "चुकलां माझां." वहिनी दारात उभी होती. मी गप्प.

पुढे दादाने खरंच गाडीला हात लावला नाही. माहुलला एका गोदामावर वॉचमन म्हणून लागला. वर्षाच्या आत कावीळ झाली आणि त्यातच तो गेला. इस्पितळात मला विचारलं ते एवढंच — "गाडी चालते ना रे नीट?" मी म्हटलं, "हो." सांगायची तीच वेळ होती.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी मी एकटाच गाडी घेऊन निघालो होतो. आगीनंतर वायरिंग सगळी नवी करून घेतली होती. दादाच्या हातचा एकही सांधा गाडीत उरला नव्हता. जुन्या आग्रा रोडवर, मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे इंजिन बंद पडलं. बॉनेट उघडलं तर कॉइलची तार तुटलेली. दोन्ही टोकं मी हातात धरून पाहिली. सोबत दुरुस्तीचं सामान काहीच नव्हतं. बॉनेट पाडलं, दारं लॉक केली आणि जवळच्या गॅरेजमधून अन्वरभाईंना घेऊन आलो. दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील.

त्यांनी बॉनेट वर केलं आणि माझ्याकडे बघायला लागले. "मस्करी करता है क्या? जुडा हुआ तो है!"

तार जोडलेली होती. वर सूत गुंडाळलेलं... आणि ती चपटी गाठ.

"ये धागा किसने बांधा? अपने लाइन में तो कोई नहीं बांधता."

मी सुताच्या टोकाला बोट लावलं. ओलं होतं. दाताने तोडल्यावर असतं तसं.

चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. भीती नाही वाटली हो... भर रस्त्यात हाक मारावीशी वाटली.

कुणी जाणाऱ्या-येणाऱ्याने जोडली म्हणावं, तर बॉनेटचा खटका लॉक केलेल्या गाडीच्या आत. मला भास झाला म्हणावं, तर तुटलेल्या तारेचं काळं माझ्या बोटांना लागलेलं. तो सांधा कापून जपून ठेवायला हवा होता. धीर झाला नाही. गाडीबरोबर भंगारात गेला.

पण गाडी होती तोवर मी एक वेडेपणा करत राहिलो. दुपारच्या त्याच वेळी, त्याच जागी गाडी लावायची, एखादी तार मुद्दाम उपटून ठेवायची, दारं लॉक करायची आणि लांबच्या टपरीवर चहा घेत बसायचं. परत येताना पावलं आपोआप भराभर पडायची. बॉनेट उघडायचो... तार तशीच लोंबत असायची. मग मीच जोडायचो. ती गाठ मला कधीच जमली नाही.

कसं घडलं, मला आजही माहीत नाही.

वहिनी आता साठीच्या पुढे आहे, मुलुंडला लेकीकडे असते. परवा गेलो होतो. लेक इस्त्रीची वायर जोडायला बसली, तर वहिनी हसत म्हणाली, "राहू दे गं बाई. बापावर गेलीस तर घर जाळशील!" लेकही हसली. मी समोरच बसलो होतो, आणि पुन्हा गप्प राहिलो.

तांब्याची तार मी घातली होती. दादाने नाही. हे तुम्हा अनोळखी माणसांना सांगितलं. वहिनीला आणि त्या पोरीला सांगायचं अजून बाकी आहे.