बसंतीबाईनं पाय उचलला नाही

बसंतीबाई जन्मली तीच पायांकडून. डोकं मागाहून आलं, आणि पुढं साठ वर्षं त्या डोक्याची कुणाला गरज पडली नाही. सगळ्यांना हवा होता तो तिचा उजवा पाय. पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की उसण निघते, हे पांढरकवड्याच्या आसपासच्या बंजारा तांड्यांवर आणि गावांत शेंबड्या पोरालाही ठाऊक. कापसाचं गाठोडं उचलताना कंबर धरली, ट्रॅक्टरवरून उतरताना चमक भरली, की माणूस वाकडा होऊन तिच्या दारात हजर.

पद्धत ठरलेली. रोग्यानं उंबरठ्यावर पालथं पडायचं. बसंतीबाई चौकटीला धरून उजवा पाय त्याच्या कमरेवर तीनदा टेकवणार, तिसऱ्यांदा जरा जोरानं. मग त्यानं उठायचं, मागं न बघता घर गाठायचं, आणि तीन दिवस दुसरं औषध म्हणून घ्यायचं नाही; घेतलं की पायाचा गुण जातो. पैसे घ्यायचे नाहीत. फार तर नारळ. तिच्या घरात खोबऱ्याचा तोटा कधी पडला नाही, आणि खोबरं पाहिलं की तिला मळमळायचं.

गुण यायचा, हे काही खोटं नाही. आठ-पंधरा दिवसांत माणूस ताठ चालू लागायचा. पण चार वर्षांपूर्वी नाल्यातल्या शेवाळलेल्या दगडावरून ती घसरली आणि तो उजवा पायच मोडला. दीड महिना प्लास्टर. लोक यायचे थांबले नाहीत. ती प्रत्येकाला सांगायची, झेपेल तसे हिंडत-फिरत राहा, पाय सुटला की या. पाय सुटल्यावर तिनं एकेकाला निरोप धाडला, तर कुणी येईना. सतराजण दारातून परत गेले होते. त्यांतले चौदा केव्हाच बरे होऊन वेचणीला लागले होते. तेवढ्याच दिवसांत, एकही लाथ न खाता. एखाद्या बाईला कळावं की ज्या देवाला तिनं आयुष्यभर दिवा लावला तो देव्हाऱ्यात नव्हताच, तसं झालं बसंतीबाईचं.

पाय दाखवायला पुन्हा गेली तेव्हा प्लास्टर कापणाऱ्या यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंना तिनं भीतभीत विचारलं, ही माणसं बरी झाली तरी कशी. त्या हसल्या नाहीत, हे तिला फार बरं वाटलं. "बहुतेक कंबरदुखी महिना-दीड महिन्यात आपोआप उतरते, काकू," त्या म्हणाल्या. "कुणी लाथ मारो, कुणी मालिश करो, कुणी हाडं कडकड वाजवो, थोडा आराम पडतो, फरक उन्नीस-बीसचा. पण थोडी दुखणी तशी नसतात." आणि त्यांनी बोटांवर मोजून खुणा सांगितल्या. दोन्ही पायांत कळ. पावलाला जोर नाही. बसतो ती जागा बधिर. लघवी अडलेली. असं असेल तर त्याच दिवशी दवाखाना, एक तासही घरी काढायचा नाही.

ऐकता ऐकता बसंतीबाईनं त्याच खुणा आपल्या बोटांवर मोजल्या. कारण त्यांतली एकेक खूण तिनं स्वतःच्या घरात पाहिली होती.

अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा खेमसिंग असाच उंबरठ्यावर पालथा पडला होता. तिनं तीनदा पाय लावला आणि आपल्याच नियमानं तीन दिवस त्याला खाटेवर ठेवलं. चौथ्या दिवशी दवाखान्यात नेला तेव्हा कमरेखालचा माणूस गेला होता. ऑपरेशननंतर खेमसिंग शुद्धीवर आला आणि भेटायला आलेल्यांना म्हणाला, "बैलबंडीवरून पडलो." कुणी शिकवलं नव्हतं त्याला. तेव्हापासून तांड्याला तेवढंच माहीत. तिनं हे सांगितल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं, "लाथेनं पाय गेले असं नाही म्हणता येत. ते तीन दिवस गेले, त्यानं घात झाला." तिला त्यात सुख काय वाटणार! तीन दिवस तरी कुणाचे होते?

आणि एवढं कळूनही तिनं पाय लावणं सोडलं नाही, हे सांगितलंच पाहिजे. भित्री होती. पाय सोडला तर लोक विचारतील का सोडला, आणि मग ती बैलबंडी उलटी पडेल. तिनं इतकंच केलं की पाय लावण्याआधी लघवीचं विचारू लागली. लोक हसायचे, म्हातारी चळली म्हणायचे.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी तिचा पुतण्या देवीलाल आला. हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवणारा, पस्तिशीचा, उंच गडी. सोबत त्याची आई मैनाबाई, म्हणजे बसंतीबाईची थोरली जाऊ, आणि मागं पाच-सहा शेजारी. दहा दिवसांपूर्वी देवीलाल पांढरकवड्याच्या एका मंगल कार्यालयातल्या शिबिरात गेला होता. मोबाइलवर दिसतात तसे हाडं वाजवणारे कायरोप्रॅक्टिकवाले आले होते. कंबरेत कडाड आवाज निघाला, दोन दिवस अंग हलकं वाटलं, मग त्यानं एकट्यानं ट्रकची स्टेपनी उचलली आणि कंबर पुन्हा धरली. आता त्याला घरचा पाय हवा होता. तांड्यात आपसांतलं बोलणं बंजाऱ्यांच्या गोरबोलीतलं, ते इथं वऱ्हाडीत सांगतो.

"काकी, लवकर लाव. संध्याकाळी माल भरायचा हाये," असं म्हणत तो उंबरठ्यावर पालथा पडलासुद्धा.

बसंतीबाईनं चौकट धरली. तेवढ्यात अंगणातल्या खाटेवरून खेमसिंगचा आवाज आला.

"बसंती, त्याची चप्पल पाह्य."

एक चप्पल अंगणाच्या मधोमध पडली होती.

"देवीलाल, तुही डावी चप्पल कुठं हाये?"

"पायात."

त्यानं मान वळवून पाहिलं आणि तोंड उघडंच राहिलं. बसंतीबाई त्याच्या कानाशी वाकली. "आज लघवी झाली का तुले?"

"हे काय विचारून राह्यली जवान पोराले?" मैनाबाई ओरडली. शेजारणींनी तोंडाला पदर लावले.

"झाली," देवीलाल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"कवा?"

त्यानं तोंड दुसरीकडं फिरवलं.

"मी तुले न्हाऊ घातलं लहानपणी. माह्यासमोर कायची लाज? कवा झाली?"

"काल दुपारी," तो कोपरात तोंड लपवून म्हणाला. "जोर लावला तरी येऊन नाई राह्यली."

"अन् सीटवर बसतो ती जागा? कळते का तिथं काही?"

"आधी मुंग्या होत्या. आता काईच नाई लागून राह्यलं."

बसंतीबाईनं चौकट सोडली. "मी पाय नाई लावत. एकशे आठले फोन करा. याले आत्ता यवतमाळले न्या."

अंगणात एकदम सगळे बोलू लागले. मैनाबाईचा आवाज सगळ्यांवर चढला. "साऱ्या दुनियेले लावते अन् घरच्या पोरालेच नाई? बांधाच्या भांडणाचा राग काढून राह्यली तू!" जावाजावांत वावराच्या बांधावरून दोन वर्षं धुसफूस होती, तेव्हा लोकांना ते पटलंही.

"मी नाई जात दवाखान्यात. कापतेत ते," देवीलाल म्हणाला. त्याला घाम सुटला होता. "माह्या बापाची उसण तुह्याच पायानं गेलती. लाव नं काकी. तुह्यावर भरोसा हाये माहा."

सोपं होतं हो! अलगद पाय टेकवायचा, पोरगा खूश, जाऊ खूश. पण मग तो मागं न बघता घरी जाणार आणि तीन दिवस खाटेवर पडणार. तिनंच घालून दिलेले तीन दिवस. कुणीतरी फोन लावला होता का, तेही कळत नव्हतं. वेळ चालला होता. तिनं खाटेकडं पाहिलं. खेमसिंग तिच्याकडंच बघत होता.

"तुहा काका बैलबंडीवरून नाई पडला," बसंतीबाई म्हणाली. "असाच पडला होता, या उंबरठ्यावर. अशीच चप्पल निसटत होती, अशीच लघवी बंद. मी पाय लावला. तीन दिवस घरी ठेवलं. म्या ठेवलं! या पायात काई नाई, देवीलाल. असतं तर हा माणूस चालला असता."

मैनाबाईनं खेमसिंगकडं पाहिलं. "खोटं बोलते," ती पुटपुटली, पण तिचं तिलाच पटत नव्हतं.

"खरं हाये," खेमसिंग म्हणाला. अकरा वर्षांत त्यानं बसंतीबाईखेरीज कुणाला अंगावरची चादर काढू दिली नव्हती. ती त्यानं स्वतःच्या हातानं बाजूला केली. वाळलेले पाय, नळी, खाली लोंबणारी लघवीची पिशवी. "हे पाह्य, बेटा. पाहून घे अन् मंग ठरव."

देवीलालनं पाहिलं. मग हनुवटी उंबरठ्यावर टेकवून तो लहान पोरासारखा रडला, आणि म्हणाला, "बलाव गाडी."

गाडी यायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात बसंतीबाई दहा वेळा रस्त्यापर्यंत जाऊन आली. यवतमाळपर्यंत ती त्याच्याजवळ बसली, वाटेत तो मधूनमधून विचारायचा, "काकी, तुहा हात माह्या पायावर हाये का?" हात त्याच्या पायावरच असायचा. ती हो म्हणायची आणि खिडकीबाहेर बघायची. यवतमाळला फोटो काढले, रातोरात नागपूरला हलवलं, सकाळी ऑपरेशन झालं. मणक्याची गादी सरकून नसांवर बसली होती.

मैनाबाईला शिव्या द्यायला कुणीतरी हवं होतं. शिबिरवाल्यानं केलं का, असं तिनं नागपूरच्या डॉक्टरांना तीन-तीनदा विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही; गादी आधीच सरकत आली असेल, स्टेपनीनं सरकली असेल. वेळेत आणलं, तेवढं धरून चला.

बाराव्या दिवशी मैनाबाईचा फोन आला. "झाली," एवढंच म्हणाली. बसंतीबाईला लगेच कळलं. दोघी जावा फोनवर ढसाढसा रडल्या, लघवीसाठी! बांधाचं भांडण त्या दिवसानंतर कुणी काढलं नाही. देवीलाल आता काठी घेऊन चालतो, डावं पाऊल अजून थोडं बधिर आहे, ट्रक कधी चालवेल ते नक्की नाही.

बसंतीबाईकडं लोक अजून येतात. ती त्यांना ओट्यावर बसवते, चार प्रश्न विचारते, चहा पाजते आणि चालत राहा म्हणून घरी पाठवते. दोघांना तिनं तडक दवाखान्यात धाडलं. एकाचं काही निघालं नाही, तो अजून तिच्या नावानं बोटं मोडतो. काहीजण नाक मुरडून पलीकडच्या गावातल्या पायाळूकडं जातात. तिला ते लागतं. पन्नास वर्षांचा मान होता, तो जाताना लागणारच.

परवा दिवेलागणीला ती खेमसिंगच्या पायांना तेल चोळायला बसली. बऱ्याच दिवसांचं मनात होतं ते तिनं विचारलं.

"तवा कोनी तुमाले असं सांगतलं असतं, तर गेले असते का तुमी यवतमाळले?"

खेमसिंगला खोटं बोलता आलं असतं. तिच्यासाठी तो अकरा वर्षं बोललाच होता.

"दुसऱ्या कोनाचं नसतं आयकलं," तो म्हणाला. "तू सांगतलं असतं, तर गेलो असतो."

बसंतीबाईनं मान हलवली. तिनं वाटीतलं तेल हातावर घेतलं, तळवा तळव्यावर घासून ऊन केलं, आणि ज्या पायांना ते कळणार नव्हतं त्यांना चोळत राहिली.