टिबुकलीचे पाय

माझ्याकडे टिबुकलीच्या पायांचा एक फोटो आहे. पाहणारे विचारतात, हा मिळाला कसा? मी म्हणतो, धीर धरावा लागतो. चार वर्षं मी हेच उत्तर देत आलोय. त्यात खोटं काही नाही, पण सगळं खरंही नाही. आज सगळं लिहितो.

टिबुकली हा तळ्यावरचा अगदी लहान पाणपक्षी. चाहूल लागली की बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. जमिनीवर ती जवळजवळ येतच नाही. पाय पार शेपटीजवळ, बोटांना पानांसारख्या पाळ्या. हे मी वाचलेलं, पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडच्या तलावांचं पाणी चहाच्या रंगाचं, त्यात पाय कुठले दिसणार!

बीडमध्ये माझं कापडाचं दुकान आहे. आठवडाभर तागे उलगडायचे आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन बाहेर पडायचं, हा माझा शिरस्ता. मोठ्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, नेकनूरकडे शेती करतात. मोसंबीसाठी त्यांनी नवं शेततळं केलं होतं. त्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला.

"पाव्हणं, तळ्यात टिबुकली आलीय. पानी असलं नितळ हाय की खालचं प्लास्टिक दिसतंय. या बिगीनं, न्हाईतर जाईल उडून."

शेततळ्याच्या उतारावर काळं प्लास्टिक अंथरलेलं असतं. पाण्याच्या रेषेला त्यावर शेवाळ धरतं. आत पडलेला माणूस पट्टीचा पोहणारा असला तरी वर येऊ शकत नाही, हात टेकायला काही सापडतच नाही. म्हणून दाजींच्या गड्यानं काठावरच्या लोखंडी खांबाला गाठी मारलेला निळा दोर बांधून पाण्यात सोडला होता. हा गडी सात-आठ वर्षं दाजींकडे सालानं होता. येता-जाता तो दोर ओढून बघायचा.

बाराच्या सुमारास ऊन तळापर्यंत पोचलं. लेन्सवर चकाकी कापणारी काच लावून मी बांधावर पालथा पडलो. टिबुकली सारखी एकाच कोपऱ्यात येत होती, आणि नेमका तिथंच तो दोर होता. फोटोत निळी रेघ यायची, तिची सावली तळावर वाकडी पडायची. दाजी पलीकडच्या काठाला मोटारीपाशी होते. गडी मोसंबीच्या झाडांना आळी करत होता.

मी खांबाची गाठ सोडून दोर वर ओढला, गुंडाळला आणि माझ्या पिशवीखाली ठेवला. म्हटलं, पाच मिनिटांत परत बांधू. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर गडी नको म्हणाला असता, हे मला ठाऊक होतं.

टिबुकली आली. अंग आवळून तिनं बुडी मारली आणि काळ्या प्लास्टिकवर तिचे दोन्ही पाय मागे फाकले. हिरवट पाळ्या उमलून पुन्हा मिटल्या. मी बटण दाबलं, आणि त्याच वेळी पलीकडे धप्प आवाज झाला.

मोटारीच्या पाइपात अडकलेला कचरा काढायला दाजी उतारावर उतरले होते. त्यांचं डोकं वर आलं. ते पोहत माझ्या बाजूला आले, शेवाळावर हात मारले आणि घसरून पुन्हा आत गेले. दोनदा, तीनदा. अंगातला स्वेटर भिजून जड झाला होता.

"दोर! पाव्हणं, दोर द्या!"

पिशवी माझ्यापासून चार हातांवर होती. मी उलट खांबाकडे धावलो. तिथं दोर नाही, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी मी खांबाभोवती वाकून शोधल्यासारखं केलं. पिशवीखालून दोर काढला तर तो मीच सोडला हे दाजींना कळेल, ही एकच गोष्ट डोक्यात होती. घाबरून सुचलं नाही, असं मी पुढे स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं. पण सुचलं होतं. त्या काही क्षणांत मी दाजींचा जीव एका बाजूला आणि माझी अब्रू दुसऱ्या बाजूला ठेवली होती.

आरडाओरडा ऐकून गडी धावत आला. खांब मोकळा पाहिला, इकडेतिकडे नजर फिरवली, माझ्या पिशवीखाली निळं टोक दिसताच ती लाथेनं उडवली आणि दोर उचलला. एक टोक पाण्यात फेकलं आणि कंबरेला एक फेर घेऊन मागं रेलला.

"मालक, गाठ धरा! गाठ धरा म्हन्तो ना!"

मीही मग त्याच्या मागं दोर धरला. दाजी बांधावर आले, पालथे पडून पाणी ओकले. ओठ निळे पडलेले. जरा दम आला तसे गड्यावर उखडले.

"दोर कामून सोडला रे? मारतो का मला?"

गड्यानं माझ्याकडे पाहिलं. सरळ पाहिलं आणि वाट पाहिली. मी खाली बसून लेन्स पुसू लागलो.

"चुकलं, मालक," तो म्हणाला.

घरी गेल्यावर ताईनं माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. भाऊ होता म्हणून कुंकू राहिलं, असं ती दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. मी मान खाली घालून चहा प्यायलो. लोकांना तो विनय वाटला.

पाडव्याला साल संपलं तेव्हा दाजींनी गड्याला पुन्हा ठेवलं नाही. "ज्याला दोराचं भान न्हाई, त्याच्या भरवशावर लेकरंबाळं कशी सोडावी?" त्यांनी हे मलाच विचारलं. मी म्हणालो, "तेही खरंच."

यंदा संक्रांतीनंतर मी त्याला शोधत लिंबागणेशला गेलो. एकाच्या गोठ्यात कडबा रचत होता. दाढी पांढरी झालेली. मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं. तो पेंढ्या रचतच राहिला.

"मालकाला सांगितलं का?"

"नाही."

"मंग मला कशाला सांगता, मामा? पिशवीखालून म्याच काढला की दोर."

"तू त्या वेळी बोलला का नाहीस?"

"बोललो असतो. पन मालकानं खरं कोनाचं मानलं असतं? बायकूच्या भावाचं का सालगड्याचं?" त्यानं पुढची पेंढी उचलली. "सरका जरा. अंगावर पडंल."

तिथून मी थेट दाजींकडे गेलो. ते ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. मी सगळं सांगितलं. दोर, पिशवी, खांबाकडे धावणं, लेन्स पुसणं. ताई दारात येऊन थांबली होती. दाजींचा हात शेंगेवरच राहिला.

"मी वरडत होतो," ते म्हणाले, "तवा दोर कुठं हाय ते तुमाला ठावं होतं?"

"हो."

दाजी उठले. मग मांडीवरची टरफलं झटकली, चपला घातल्या आणि खुंटीवरची गाडीची चावी काढली.

"अहो, आता कुठं? ताट वाढलंय," ताई म्हणाली.

"लिंबागणेशला."

गाडी चालू झाली. मी ओट्यावरून उतरलो होतो. मला त्यांनी चला म्हटलं नाही.