मेधाच्या अकरा किल्ल्या

मेधा गेली हे मला तिच्या मुलीने, इराने, फोनवर सांगितलं. "मावशी, आई इज गॉन," एवढंच म्हणाली. त्याच दुपारी, मेधा ज्या कलासंस्थेबरोबर काम करायची, तिच्या संचालकांचा फोन आला. फार वाईट वाटलं म्हणाले, आणि त्याच दमात, मेधाकडचा किल्ल्यांचा जुडगा कुठे आहे, असं विचारलं. शेवटच्या भेटीत तिने तो माझ्याच हातात ठेवला होता. मला ठाऊक नाही, असं मी सांगितलं. सहा आठवडे झाले, त्या खोटेपणाचं मला काडीचंही वाईट वाटलेलं नाही.

मेधा इकडे डच मुलखात, मास्ट्रिख्टला, चित्रकला शिकायला आली आणि पुढे अ‍ॅमस्टेलव्हीनला माझी शेजारीण झाली. एकदा सुट्टीत आम्ही उत्तरेकडच्या वाडन बेटांवर गेलो. तिथे एक विणकर बाई भेटली. माग ठेवायला जागा नाही, केलेलं काम दाखवायला माणूस नाही, म्हणून ती स्वयंपाकघरात कुडकुडत विणत बसायची. आणि शेजारीच यान नावाच्या म्हाताऱ्याचा मेंढ्यांचा गोठा रिकामा पडलेला. मेधाने यानच्याच चुलीवर पिठलं केलं. त्याने तीनदा मागून घेतलं, आणि जेवण झाल्यावर खिशातून गोठ्याची किल्ली काढून तिच्या ताटाशेजारी ठेवली. विणकर बाईचा माग त्या गोठ्यात लागला, आणि तिथून सुरुवात झाली. पुढची दहा वर्षं ही बाई फेरीबोट आणि सायकल यांवर बेटं पालथी घालत राहिली. अकरा घरांनी कलाकारांसाठी आपल्या रिकाम्या जागांच्या किल्ल्या तिला दिल्या, प्रत्येकीला तिने वेगळ्या रंगाची लोकर बांधली. कुठल्या बेटावर कोण एकटं काम करतंय, कुणाला कुणाची गाठ घालून द्यायची, हे सगळं तिच्या डोक्यात असे. अट एकच होती. येणाऱ्या कलाकाराने पहिल्या संध्याकाळी जागामालकासाठी स्वतः रांधायचं आणि त्याच्याबरोबर बसून जेवायचं.

मग हे संचालक आले, गळ्यात मफलर घालून. त्यांच्या संस्थेचं छत्र मिळालं म्हणून मेधा खूश होती. वर्षभरात गुळगुळीत पुस्तिका निघाली. बेटांवरच्या कलाकारांचं जाळं, संकल्पना त्यांची! मेधाचं नाव शेवटच्या पानावर, 'स्थानिक मदत' या मथळ्याखाली, तेही चुकीचं छापलेलं. पहिल्या संध्याकाळचं जेवण त्यांनी बंद केलं, व्यावसायिक वाटत नाही म्हणून. तेव्हा तिची केमो चालू होती. "जाऊ दे गं," ती म्हणाली, "पोरांना जागा मिळाल्याशी कारण." तिला जमलं असेल. मला नाही जमत.

ती गेल्यावर मी आठवडाभर रजा टाकली आणि बेटं फिरले. ज्याची किल्ली त्याच्या हातात दिली, सोबत पुस्तिका, शेवटचं पान उघडून. जास्त काही बोलावं लागलं नाही. यानने चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं आणि किल्ली खिशात टाकली. कलाकारांना मी आधीच कळवलं होतं की परस्पर मालकांना फोन करा, आणि जाताना भाजी घेऊन जा.

गेल्या शनिवारी संचालक पाहुण्यांची बोट भरून गोठ्यातल्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला यानच्या बेटावर गेले. गोठ्याला कुलूप. मी घरी कोथिंबीर निवडत होते तेव्हा त्यांचा फोन आला. यान किल्ली देत नाही, दोन कलाकार त्याच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसलेत आणि खिडकीतून बघतायत, असं ते सांगत होते. आवाज चढला होता.

"यानसाठी कधी स्वयंपाक केलात?" मी विचारलं.

मग फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडायला घेतली. अजून आठवलं की बरं वाटतं.

जुडग्याची रिकामी कडी माझ्या ओट्याजवळच्या खिळ्याला टांगलेली होती. काल टपालाने यानचं पाकीट आलं. आत त्याची किल्ली, मेधाने बांधलेल्या लाल लोकरीसकट, आणि चिठ्ठी: "ते पिवळं करायला कधी येतेस?" माझ्या पिठल्यात हमखास गुठळ्या होतात, मेधा त्यावरून मला आयुष्यभर हसली. किल्ली मी कडीत अडकवली आणि बेसनाचा डबा खाली काढला.