रिकिबीची सुपारी

आमची मोटार ही मोटार होती की बाबांची आणखी एक लाडकी लेक, हे आईला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. संस्थान विलीन झालं तेव्हा ग्वाल्हेरच्या बड्या घरांतल्या मोटारी एकामागून एक विकायला निघाल्या. त्यांतली सगळ्यांत म्हातारी, जिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही अशी, बाबांनी घेतली आणि थाटीपुरच्या आमच्या सरकारी क्वार्टरपुढे आणून उभी केली. स्टिअरिंगपुढे बाबांखेरीज कोणी बसायचं नाही असा घरात कायदा होता. ही गोष्ट घडली त्या वर्षी मी बी.ए.ला होते आणि भांडायला कुणाला ऐकत नसे, पण हा कायदा मलाही मोडता आला नव्हता.

पुढे संस्थानांच्या जागी आलेलं मध्यभारत राज्यही गेलं. नव्या राज्याची राजधानी भोपाळ ठरली आणि सचिवालयातल्या इतरांबरोबर बाबांनाही तिकडे जायचा हुकूम आला. दिवाळीच्या आत हजर व्हायचं होतं. आमच्या ओळीत घराघरांतून ट्रंका बाहेर आल्या, गाद्या गुंडाळल्या गेल्या, आणि भोपाळला भाजी चांगली मिळते का यावर बायकांची चर्चा सुरू झाली.

आमच्याकडे अडचण एकच होती. आबा, म्हणजे माझे आजोबा. त्यांची उमर संस्थानच्या रिसाल्यात घोड्यावर गेली होती. त्यांनी जाहीर केलं, "रेल्वेने मी यायचा नाही. रेल्वेत माणूस जात नाही, त्याला गाठोड्यासारखं नेतात. आपल्या वाहनावरून येईन, नाही तर इथंच राहीन." इथंच म्हणजे सराफ्यापाशी राहणाऱ्या एका लांबच्या पुतण्याकडे. त्या घरात आबांना दोन दिवसांवर करमत नसे, हे सगळ्यांना माहीत होतं. आबांशिवाय घर ही कल्पनाच मला सोसत नव्हती. मी त्यांच्याशी दिवसभर वाद घालायची, आणि वाद घालायला तेच नसतील तर मी करणार काय होते?

तेव्हा सगळी भिस्त मोटारीवर होती. खंडेनवमीला आबांनी नेहमीप्रमाणे तलवारीची पूजा केली आणि बाबांनी मोटारीची. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ, सगळं यथासांग झालं. प्रवासासाठी म्हणून आईने सतरंजी कापून आत पायाखाली नवंकोरं अंथरण घातलं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, आम्ही सोनं द्यायला निघालो आणि पडावाच्या पुलाच्या चढावर गाडीने हाय खाल्ली. सपाटीवर ती बैलगाडीच्या चालीने चालली होती, चढावर तेवढीही चालेना. मागून टांगेवाले ओरडत होते. शेवटी मी आणि आई जरीच्या साड्या सावरत उतरलो आणि गाडी ढकलली. आबा आतच बसून राहिले. बसल्या बसल्या ते म्हणाले, "घोडा असता तर उतरलो असतो."

पुलापलीकडेच, पडावात, बाबांचा नेहमीचा मिस्त्री होता. त्याने बॉनेट उघडलं, आत हात घातला आणि कार्ब्युरेटरवरची एक लहानशी दांडी बोटाने ओढली. इंजिन असं गरजलं की शेजारच्या हॉटेलातले लोक चहा टाकून बघायला आले. "इंजन तो शेर है साहब," तो म्हणाला. मग त्याने आम्हाला समजावलं. कार्ब्युरेटरमध्ये हवेच्या वाटेवर एक पत्ती असते, तिला थ्रॉटल म्हणतात. आपण पायाने पेडल दाबतो, पेडल एका सळईला ओढतं, सळई त्या पत्तीला उघडते, आणि जितकी पत्ती उघडेल तितकी गाडी पळते. "पत्ती पूरी खुल नहीं रही. स्प्रिंग गई है."

तसली स्प्रिंग पडावात मिळेना. बाबांनी मोरारचा बाजार पालथा घातला, लष्करचा बाजार पालथा घातला आणि एका भंगारवाल्याकडून ती मिळवून आणली. स्प्रिंग बदलली. गाडी तशीच. मग मिस्त्रीने सळई वाकली आहे असं ठरवलं आणि नवी सळई घडवून बसवली. हाताने दांडी ओढली की सिंह, बाबांनी चालवली की शेळी. मिस्त्रीने एकदा विचारलं, "साहब, मैं चलाकर देखूँ?" त्यावर बाबांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने पुन्हा विचारलं नाही.

आईचं निदान वेगळं होतं. "मी तर आधीच म्हणून दिलं होतं, त्या कोपऱ्यावरच्या बाईंची नजर चांगली नाही. दसऱ्याला कशा टकामका बघून घेत होत्या!"

दिवस संपत आले. एका सकाळी बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, गाडी विकून टाकू. पडावातला एक ट्रकवाला संध्याकाळी बघायला येणार होता. आबा उठले आणि आपले कपडे आमच्या ट्रंकेतून काढून वेगळ्या पिशवीत भरू लागले. मला इतका राग आला, आणि इतकं रडू आलं, की मी झाडू आणि फडकं घेऊन गाडी पुसायच्या निमित्ताने बाहेर पळाले.

आणि तिथे मी कायदा मोडला. आता गाडी जाणारच आहे तर जाऊ दे, म्हणून सरळ स्टिअरिंगपुढे जाऊन बसले. पाय पेडलवर ठेवला, दाबला. पाय थोडासा खाली गेला आणि मऊसर कशावर तरी अडला. पुन्हा दाबला, पुन्हा तसंच. हाताने ओढलं की गरजते आणि पायाने दाबलं की रडते, तर मग खोड इंजिनात असेल कशाला? मी खाली वाकले आणि आईची सतरंजी उचलली.

पेडलच्या दांड्याला लाल कापडाची लिंबाएवढी पुरचुंडी बांधलेली होती. पेडल खाली जायचं ते तिच्यावरच टेकायचं.

माझी किंकाळी ऐकून आई आली आणि दारातूनच ओरडली, "हात लावू नकोस! करणी आहे कोणाची तरी!" तिने कोपऱ्यावरच्या घराकडे बघितलंसुद्धा. बाबा धावत आले. मागून काठी टेकत आबा आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "करणी कसली? माझी आहे ती."

"तुमची?" बाबांनी विचारलं.

"रिसाल्यात खंडेनवमीला घोड्याच्या रिकिबीला सुपारी बांधायचो आम्ही. स्वार धडपणी घरी पोचावा म्हणून. आता मोटारीला रिकीब कुठली? जिच्यावर पाय ठेवतात ती. म्हणून बांधली."

बाबांना हसावं की डोकं आपटावं ते कळेना. मग त्यांनी हळूच विचारलं, "आबा, तुम्हाला यायचं नव्हतं का?"

"नसतं यायचं तर तोंडावर सांगितलं असतं. तुला काय भितो मी?"

"मग सोडा ही गाठ आता."

"घरी पोचल्यावर सोडतात. त्याच्या आधी नाही."

"आपण घरीच तर आहोत ना आबा," आई म्हणाली.

आबांनी दारातून आत पाहिलं. बांधलेल्या गाद्या, उघड्या भिंती, देवांचा रिकामा कोनाडा. "हे घर राहिलंय का आता?" त्यांनी विचारलं.

शेवटी मी म्हटलं, "आबा, सुपारी तुमच्या मनगटाला बांधू. स्वार तर तुम्हीच ना? पोचलात की सोडू." त्यांनी विचार केला आणि हात पुढे केला. गाठीला धक्का न लावता पुरचुंडी निघावी म्हणून बाबांनी पडावातून मिस्त्रीला बोलावून आणलं. त्याने पेडलच काढलं, दोरा अलगद सरकवला आणि पेडल पुन्हा बसवलं. काम करताना तो खाली मान घालून हसत होता. सगळं झाल्यावर बाबा मला म्हणाले, "बस. तूच दाब." मी पेडल पार तळाला टेकवलं, आणि कोपऱ्यावरच्या बाईसुद्धा बाहेर आल्या.

शिवपुरीकडचा घाट गाडीने एका दमात चढला. आबा पुढे बाबांच्या शेजारी ताठ बसले होते, मनगटावर लाल पुरचुंडी घेऊन.

भोपाळला पोचलो, ट्रंका उघडल्या, दिवाळीही झाली. आबा सुपारी सोडायचं नाव घेईनात. नव्या जागेला ते "तुमचा क्वार्टर" म्हणत. आई रोज सकाळी चहा देताना त्यांच्या मनगटाकडे बघायची आणि परत फिरायची. विचारायची हिंमत माझ्यातही नव्हती, आणि मी तर आगाऊ म्हणून प्रसिद्ध होते.

एका दुपारी ते तलावाकडे फिरायला गेले आणि वेळेवर परतले नाहीत. बाबा गाडी काढायला लागले, तेवढ्यात आबा धुळीने भरलेले, दमलेले, पण मोठ्या खुशीत दारात उभे राहिले.

"रस्ता चुकलो होतो," ते म्हणाले. "लोकांना विचारत विचारत घरी आलो."

आईच्या हातातली परात तशीच राहिली. आबांच्याही लक्षात आलं असावं. मग त्यांनी मनगट माझ्यापुढे धरलं.

गाठ घामाने आणि धुळीने दगड झाली होती. मी ती दातांनी सोडवली. आईने सुपारी देवांपुढे ठेवली, आणि आबा आत जाऊन पाटावर बसले आणि म्हणाले, भूक लागली आहे.