शिवेवरचा पूल

माझी सुभद्राकाकू माहेरचं नाव निघालं की हातातलं काम थांबवायची. तुम्ही म्हणाल, कोणत्या बाईला माहेर आवडत नाही? अहो, पण हिचं माहेर हाकेच्या अंतरावर होतं! आमचं गाव दर्यापूरच्या बाजूचं, म्हणजे अमरावती जिल्ह्यात. मधे नाला. पलीकडे मूर्तिजापूरच्या अंगाला तिचं गाव, तो अकोला जिल्हा. पावसाळ्यात नाला भरला, काळी माती फुगली की इकडचं माणूस इकडं आणि तिकडचं तिकडं. महालक्ष्म्या नेमक्या भादव्यात येतात. लग्न झाल्यापासून काकू माहेरच्या महालक्ष्म्यांना एकदाही गेली नव्हती. तिकडची आरती वाऱ्यावर ऐकू यायची आणि ही चुलीपुढे डोळे पुसायची. विचारलं तर म्हणायची, धूर झाला.

उन्हाळ्यात मात्र तिची चंगळ असे. पावसाळ्यात नाल्यानं आणि हिवाळ्यात मळ्याच्या कामानं अडलेली लेक म्हणून तिचा थोरला भाऊ जानरावमामा न्यायला यायचा, आणि तिची माय गोदाबाई पहिले ढग दिसेपर्यंत तिला सोडायची नाही. महादेवकाका कुरकुरायचा, पण पाठवायचा.

रस्ता नव्हता का? होता की! दोन होते. अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलनं आपला रस्ता नाल्यापर्यंत आणला, अकोल्याच्या कौन्सिलनं आपला आणला. पण एकानं वरच्या अंगाला, दुसऱ्यानं खालच्या, काकूच्या माहेराजवळ. मधे चांगलं अर्धा कोस अंतर. आधी एकमेकांना विचारलं असतं तर जीभ झिजली असती यांची! पुलाचं नाव काढलं की हे म्हणायचे आमच्या टोकाशी, ते म्हणायचे आमच्या. नाला कुणाचा, तर कुणाचाच नाही.

शेवटी कमिशनर कचेरीनं दोन्ही कौन्सिलांची मिळून एक कमिटी केली आणि तिच्यावर एक इंजिनेरसाहेब बसवले. साहेब पार सागर जिल्ह्याकडचे, ना इकडचे ना तिकडचे. अकोल्याकडून जानरावमामा मेंबर होता. बैठक ठेवली आमच्या काकाच्या मळ्यात, कारण तिथं सावली होती. तिथंच सगळा घोळ झाला.

ज्या घरी बहीण दिली तिथं भावानं आवाज चढवायचा नाही, ही आमची रीत. आमचे लोक म्हणाले, पूल वर पाहिजे. मामा मान खाली घालून म्हणाला, सोयरे म्हणतील तसं. दुसऱ्या बैठकीतही तेच. अकोलेवाले कपाळाला हात लावून बसले. साहेबांना वाटलं, सगळ्यांना पटलं, आणि ते वरच्या टोकाला मोजणी लावायच्या तयारीला लागले. तिथं पूल झाला असता तर काकूच्या माहेराला रस्ता लागणारच नव्हता.

बैठक उठल्यावर काकूनं काकाला गाठलं.

"माहा भाऊ तुमच्या मळ्यात मुका हाय," ती म्हणाली. "त्याले शिवेवर बसवा, मंग बोलन तो."

काकालाही पूल खालीच हवा होता. तिकडून वांगी आणि मेथी मूर्तिजापूरच्या स्टेशनावर ताजी पोचली असती. बायकोची हौस आणि आपला धंदा एकाच गाडीत! त्यानं ही गोष्ट साहेबांच्या कानावर घातली. साहेब हसले नाहीत, शहाणा माणूस होता. पुढची बैठक त्यांनी कोरड्या नाल्याच्या वाळूतच घेतली. तिथं कुणी यजमान नाही, कुणी पाहुणा नाही. मग काय विचारता, मामाचं तोंड जे उघडलं ते दुपारपर्यंत मिटलंच नाही. खाली काठ अरुंद आहे, जमीन घट्ट आहे, हे त्यानं सगळ्यांना उन्हातून फिरवून दाखवलं. अखेर ठरलं. पूल खाली. आमच्या कौन्सिलनं आपला रस्ता तिथवर वाढवायचा आणि पुलाचा मोठा वाटा अकोल्यानं उचलायचा.

पूल झाला. भादव्यात काकू नवं लुगडं नेसून भाजीच्या गाडीत बसली आणि माहेरच्या महालक्ष्म्यांना गेली. रस्ताभर हसत होती म्हणे. संध्याकाळी मूर्तिजापूरहून परतताना काकानं गाडी तिच्या माहेरच्या दारात उभी केली. काकू माजघरातून उठेना. तेव्हा गोदाबाईच म्हणाली, जा बाई, आता काय, पूल हाय.

मग तसंच चालू झालं. भाजीची गाडी निघाली की काकू गाडीत, घटकाभर मायजवळ, आणि परत. बाया म्हणायच्या, सुभद्रेचं नशीब पाहा! मलाही हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

उन्हाळा आला. काकूनं नेहमीसारखं गाठोडं बांधलं आणि अंगणात येऊन बसली. मामा काही न्यायला आला नाही. काका बाहेर आला, गाठोड्याकडे पाहून म्हणाला, परवाच तं जाऊन आली, आता राह्याले कायले? मनात वाईट नव्हतं त्याच्या. खरंच कळलं नव्हतं.

"जाता येत नोतं तवा माय महिनाभर भेटत होती," काकू म्हणाली. "आता कवाबी जाता येते, तं घटकाभर भेटते."

काकूनं गाठोडं सोडलं, लुगडी पेटीत ठेवली. बैल जुंपलेलेच होते. ती रिकाम्या हातानं वांग्यांच्या टोपल्यांमधे जाऊन बसली.