मोटेच्या सोंडेचं ठिगळ

देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण मोटारीच्या बाबतीत मला देवाची गरज कधी वाटली नव्हती. चिखलीत एका मालकांकडे मी ड्रायव्हर होतो. त्यांची जुनी विलायती मोटार वीस वर्षं माझ्या हाताखाली पळाली, वाटेत कधी बंद पडली नाही, आणि हे मी चारचौघांत पुन्हा पुन्हा सांगत असे. त्या हिवाळ्यात माझ्या लेकीला नागपूरला नर्सच्या शिक्षणासाठी जागा मिळाली. आमच्या घरातून शिकायला बाहेर पडणारी ती पहिलीच. ठरल्या दिवशी सकाळी हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाईल, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. आदल्या दिवशी दुपारी शेगावहून रेल्वे गाठायची होती. पत्नी म्हणाली, पहाटेच्या एस.टी.नं जा, म्हणजे शेगावच्या मंदिरात महाराजांचं दर्शनही होईल. पण मला लेकीला मोटारीतून न्यायचं होतं. साऱ्या चिखलीनं पाहावं, ही खरी इच्छा. मालकांनीही आनंदानं मोटार दिली.

निघताना रेडिएटरखाली पाण्याचे थेंब दिसले. जाळीला बारीक छिद्र असेल, असं समजून मी पाण्यात मूठभर हळद टाकली. आमच्याकडचे ड्रायव्हर तेच करत; हळद छिद्रात बसते आणि गळती थांबते. वरचा रबरी पाइप दाबून पाहायचे कष्ट मात्र मी घेतले नाहीत. खामगावच्या चार कोस अलीकडे तोच पाइप चिरला. पिवळं पाणी बॉनेटभर उडालं, वाफेत काही दिसेना. लेक हसून म्हणाली, "बाबा, मोटारीले हळद लागली!" मला हसू येईना. सुतळी गुंडाळली, ती सुटली. तिचा रुमाल बांधला, तोही सुटला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. माझ्या मिरवण्यापायी पोरीची जागा जाणार, हे दिसू लागलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच मी मोटारीवर डोकं टेकलं आणि म्हणालो, "महाराज, माह्यानं होत नाही आता."

शेजारच्या शेतात गव्हाला पाणी देणारी मोट चालू होती. ती थांबली आणि एक म्हातारा बांधावरून आला. मी झालेलं सांगितलं. त्यानं पाइप बोटांनी चाचपला आणि लेकीला विचारलं, "कुठं चालली, माय?"

"नागपूरले, बाबाजी. नर्स व्हाले."

तो विहिरीकडे गेला. मोटेची कातडी सोंड, जिच्यातून पाणी पाटात पडतं, ती त्यानं विळ्यानं कापली आणि वीतभर तुकडा घेऊन आला.

"बाबाजी, तुमचं ओलित बंद पडीन ना!" मी ओरडलोच.

"गहू दोन दिस थांबते. रेल थांबते का?"

ओलं कातडं त्यानं पाइपवर दुहेरी गुंडाळलं, चामड्याच्या वादीनं करकचून आवळलं आणि म्हणाला, "तापलं म्हंजे अजून आवळते." इंजिन निवल्यावर आम्ही विहिरीचं पाणी भरलं आणि हळूहळू निघालो. शेगावचं स्टेशन येईपर्यंत थेंबभर पाणी गळलं नाही. रेल्वे फलाटावर उभीच होती. लेकीनं डब्यात चढून मंदिराच्या दिशेला हात जोडले, आणि गाडी सुटली.

रात्री मंदिरात बराच वेळ बसलो. मागायला काही सुचेना. सकाळी खामगावात नवा पाइप घेतला, स्वतःच्या हातानं बसवला, बाकीचे पाइपही एकेक दाबून पाहिले आणि त्या शेतावर थांबलो. म्हातारा बादलीनं पाणी शेंदून गव्हाला देत होता. मी कोट काढून ठेवला आणि त्याच्यासोबत दोर धरला.

"भेटली का रेल पोरीले?" त्यानं विचारलं.

"भेटली, बाबाजी! माही पोरगी गेली नागपूरले!" अभिमानानं माझा आवाज चढला होता.

दोर ओढता ओढता तो म्हणाला, "माही माही काऊन करून राह्यला, बाप्पा? आपली पोरगी म्हण."

त्याला महाराजांनी धाडलं की तो आपणहून आला, हे मी कोणाला विचारलं नाही. लेकीचा अभिमान मला आजही तेवढाच आहे, आणि तो मी लपवत नाही. कोणी तिचं विचारलं की मी सांगतो, आपली पोरगी नर्स आहे. सांगताना हात आपोआप जोडले जातात.