स्टेटरमधलं चांदणं

माझं डोकं मोटारीच्या आत होतं, तेव्हा मला पहिल्यांदा तो उजेड दिसला.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. चिखलीत मी मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं काम करायचो. कापसाच्या एका जिनिंग कारखान्याची भली मोठी मोटार भरून झाली होती. तिचा स्टेटर, म्हणजे न फिरणारं लोखंडी कडं, आतून तांब्याच्या तारांनी भरलेला असतो. तपासायची रीत सोपी. मधला फिरणारा रोटर काढून ठेवायचा, कमी व्होल्टेज द्यायचं आणि आत बेअरिंगचा एक छर्रा सोडायचा. वाइंडिंग बरोबर असेल तर चुंबकाच्या ओढीनं छर्रा आतल्या आत गरगर फिरतो.

छर्रा फिरला. पण कुठंतरी खरखर येत होती. छर्रा काढून ऐकायला म्हणून मी डोकंच आत घातलं आणि डोळे मिटले. तर नजरेच्या कडेकडेनं फिकट उजेड थरथरू लागला. विहिरीच्या पाण्याचा कवडसा भिंतीवर हलतो, तसा. करंट बंद केला, उजेड गेला. चालू केला, परत आला. खरखर राहिली बाजूला. भर दुपारी कामाच्या घाईत मी किती वेळ तसाच पडून होतो कोण जाणे. फार सुख वाटत होतं.

"काय करून राह्यला बे इतका वेळ?"

बाकावरून उस्तादांनी विचारलं. हे अमडापूरचे गणपतराव. मला हे काम त्यांनीच शिकवलं. दोन वर्षांपासून त्यांना दिसत नव्हतं. लेकीकडं राहायचे, रोज दुकानात येऊन बसायचे. डॉक्टरचं नाव काढलं की मात्र विषय बदलायचे. एकदा मी खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले होते, "त्यानं नाही म्हटलं तर? आता निदान आशा तरी आहे मले."

मी त्यांना हात धरून आणलं. "उस्ताद, आत डोकं घाला अन् काय वाटते ते सांगा."

मला काय दिसलं ते मुद्दाम सांगितलं नाही. करंट आला की मोटार घुमते, ते त्यांना ऐकू येणारच होतं. माझं मन राखायला ते काहीही बोलले असते.

मी स्विच टाकला.

"मधात काही नाही," ते हळूच म्हणाले. "काठाकाठानं चांदणं हालून राह्यलं."

मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी ते आपणहून बुलढाण्याला डॉक्टरकडं चल म्हणाले. डॉक्टरांनी तपासलं. "मोतीबिंदू आहे. ऑपरेशन करू. नुसती टॉर्च मारली असती तरी कळलं असतं हो!"

"टॉर्चलेच तर भेत होते ते, साहेब," मी म्हणालो.

पुढे कॉलेजातल्या एका सरांनी मला नीट समजावलं. चुंबकाचा जोर सेकंदाला कित्येकदा चढतो-उतरतो. त्यानं डोळ्यातल्या नसांमध्ये बारीकसा करंट उठतो आणि मेंदूला तोच उजेड वाटतो. म्हणजे उस्तादांच्या नसा जाग्याच होत्या.

ऑपरेशन होऊन पट्टी निघाली, जाड भिंगांचा चष्मा आला. उस्ताद माझ्याकडं एकटक बघत राहिले.

"किती म्हातारा झाला बे तू दोन सालात!"

मी पस्तिशीचाही नव्हतो. पण त्या दिवशी त्यांनी शंभरीचा म्हटलं असतं तरी चाललं असतं.

चालू स्टेटरमध्ये डोकं घालायचं नसतं. मी पुढे कुणालाही घालू दिलं नाही. पण ही अक्कल मला त्या दुपारी असती, तर उस्ताद तसेच बाकावर बसून राहिले असते.